लॅव्हेंडरचे तेल आणि 'अँटिऑक्सिडंट'चा शिक्का

प्रश्न: मी घरगुती प्रमाणावर साबण आणि क्रीम बनवते. तेल पुरवणाऱ्याच्या पत्रकात लॅव्हेंडर तेल 'अँटिऑक्सिडंटने समृद्ध' असल्याचे छापले आहे. सोबत त्याने जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) रिपोर्ट दिलाय. त्यात लिनालूल, लिनालिल ॲसिटेट अशी बरीच नावे आणि टक्केवारी आहे, पण अँटिऑक्सिडंट म्हणून काही दिसत नाही. नेटवर पाहिले तर काही शोधनिबंध 'हो' म्हणतात, काही 'जेमतेम'. क्रीमच्या लेबलवर हा दावा करू का? आणि हे तेल घातल्यावर व्हिटॅमिन ई वगळले तर चालेल का?

उत्तर:

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण नुकसान तिथे आहे. व्हिटॅमिन ई वगळू नका. लॅव्हेंडर तेल घालणार असाल तर ते जास्तच गरजेचे आहे, क्रीममध्ये असणाऱ्या बदामासारख्या तेलासाठी आणि खुद्द लॅव्हेंडर तेलासाठीसुद्धा. लेबलवरचा दावाही करू नका. का, ते सविस्तर सांगते. सुगंधी तेलांच्या तपासणीत माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न लहान उत्पादकांकडून वरचेवर येतो.

तुमचा जीसी रिपोर्ट खरे बोलतोय. त्यात अँटिऑक्सिडंट दिसत नाही, कारण ज्यांना आपण ठामपणे अँटिऑक्सिडंट म्हणू अशी संयुगे या तेलात जवळपास नसतातच.

लॅव्हेंडर हे तुळशीच्या कुळातले झुडूप. त्याचे तेल पाकळ्यांत असते असा समज आहे, पण ते मुख्यतः फुलाच्या खालच्या पेल्यावर, म्हणजे निदलपुंजावर, असलेल्या सूक्ष्म ग्रंथींत साठते. फुलांचे तुरे भट्टीत भरून खालून वाफ सोडली की या ग्रंथी फुटतात आणि वाफेबरोबर उडू शकणारे रेणू वर जातात. पुढे थंड नळीत वाफेचे पाणी होते आणि त्यावर तेल तरंगते. सगळी मेख 'वाफेबरोबर उडू शकणारे' या शब्दांत आहे. लहान, हलके, पाण्यात फारसे न विरघळणारे रेणू तेवढे पलीकडे पोचतात. बाकी सारे भट्टीच्या चोथ्यात आणि तळच्या पाण्यात राहते.

पलीकडे पोचलेल्यांत दोघांचे राज्य असते: लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट. युरोपियन फार्माकोपियाप्रमाणे, म्हणजे युरोपातल्या औषधांच्या मानकग्रंथाप्रमाणे, अस्सल लॅव्हेंडर तेलात, म्हणजे लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलियाच्या तेलात, लिनालूल २० ते ४५ टक्के आणि लिनालिल ॲसिटेट २५ ते ४७ टक्के असायला हवे. कापूर १.२ टक्क्यांच्या वर नको, १,८-सिनिओल २.५ टक्क्यांच्या वर नको. उरलेल्या जागेत ओसिमीनचे दोन प्रकार, टर्पिनेन-४-ऑल, लॅव्हेंड्युलिल ॲसिटेट, ३-ऑक्टॅनोन, कॅरिओफायलीन आणि बारीकसारीक पाहुणे. त्यांचे टक्के कमी असले तरी नाकाला ते कळतात. ३-ऑक्टॅनोनमुळे ताज्या तेलाला किंचित हिरवट, फळासारखी छटा येते. लॅव्हेंड्युलॉल आणि त्याचे ॲसिटेट नसेल तर वास गोड लागतो खरा, पण लॅव्हेंडरचा वाटत नाही.

रिपोर्ट हातात आहेच, तर आधी एक गोष्ट तपासा: तुमच्याकडे नक्की कुठले लॅव्हेंडर आले आहे? बाजारात या एका नावाखाली तीन निरनिराळी तेले फिरतात. पहिले वर सांगितलेले अस्सल. दुसरे स्पाइक लॅव्हेंडर, म्हणजे लॅटिफोलिया. त्यात लिनालिल ॲसिटेट नाममात्र, सिनिओल आणि कापूर मात्र भरपूर. सिनिओल १६ ते ३९ टक्के, कापूर ८ ते १६ टक्के. वास जवळजवळ निलगिरीकडे झुकणारा. तिसरे लॅव्हँडिन, या दोघांचा संकर. त्याचे बी रुजत नाही, लागवड छाटकलमांनीच होते. फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागात, व्हालँसोलच्या पठारावर, जांभळ्या ओळींचे जे फोटो आपण पाहतो ते बहुतेक लॅव्हँडिनचे असतात. त्याची 'ग्रोसो' ही जात सगळ्यांत जास्त चालते. हेक्टरी तेल अस्सलपेक्षा कितीतरी पट निघते, म्हणून स्वस्त. ग्रोसोत कापूर साधारण ६ ते ८.५ टक्के असतो. तुमच्या रिपोर्टमध्ये कापराचा आकडा ६-७ असेल आणि भाव अस्सलचा लावला असेल, तर पुरवठादाराशी बोलायला हवे. लॅव्हँडिन वाईट नसते, फक्त ती वेगळी वस्तू आहे आणि तिचा भाव वेगळा आहे.

आपल्याकडे अस्सल लॅव्हेंडर पिकते ते जम्मू-काश्मिरात. डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाहमध्ये सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनमधून मक्याच्या शेतांत लॅव्हेंडर आले आणि त्याला 'जांभळी क्रांती' असे नाव पडले. जम्मूच्या आयआयआयएम या संस्थेने रोपे दिली, ऊर्ध्वपातनाच्या भट्ट्या बसवून दिल्या. तिथला माल मिळाला तर जरूर पाहा. (सह्याद्रीतही लॅव्हेंडरचे दोन रानटी भाऊबंद उगवतात, लॅव्हेंड्युला बायपिनाटा आणि लॅव्हेंड्युला गिब्सोनी. गिब्सोनी तर पश्चिम घाटाबाहेर आढळतच नाही. तेलाच्या धंद्यात मात्र दोघांनाही स्थान नाही. तेव्हा 'सह्याद्रीचे लॅव्हेंडर ऑइल' म्हणून कुणी बाटली पुढे केली तर आधी रिपोर्ट मागा.)

भेसळीबद्दल थोडक्यात. लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट दोन्ही कारखान्यात स्वस्तात बनतात. साध्या जीसीवर ते नैसर्गिकासारखेच दिसतात, कारण रेणू तोच. फरक उजव्या-डाव्या हाताचा: एकाच रेणूची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपे असतात, 'आर' आणि 'एस'. झाडातले लिनालूल बहुतांश 'आर' रूपात असते. कृत्रिम लिनालूलमध्ये 'आर' आणि 'एस' निम्मे-निम्मे. म्हणून फार्माकोपियाने ही दोन रूपे वेगळी दाखवणारी कायरल कॉलमवरची चाचणी ठेवली आहे: 'एस' लिनालूल १२ टक्क्यांपर्यंत चालते, 'एस' लिनालिल ॲसिटेट फक्त १ टक्क्यापर्यंत. यावरही पळवाट निघाली. हो-वुड नावाच्या कापूरवर्गीय झाडाचे लिनालूल 'आर'च असते. त्यालाच ॲसिटेट जोडून मिसळले की कायरल चाचणीही पास. मग लॅव्हेंड्युलिल ॲसिटेटसारखे बारके घटक प्रमाणात आहेत का, हे पाहावे लागते. बाजारात '४०/४२' नावाचे लॅव्हेंडर मिळते. तो आकडा एस्टरच्या, म्हणजे लिनालिल ॲसिटेटसारख्या संयुगांच्या, टक्क्यांचा. दर बॅचला तोच वास यावा म्हणून ते जुळवून बनवलेले असते. साबणवाल्यांना ते सोयीचे पडते. फक्त त्याला 'शुद्ध शेतातले' म्हणू नये.

आता मुख्य मुद्दा. शोधनिबंध 'हो' आणि 'जेमतेम' दोन्ही का म्हणतात?

बहुतेक निबंधांतली चाचणी डीपीपीएच नावाची असते. डीपीपीएच हा एक मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल (एकटा, जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू), पण विलक्षण शांत स्वभावाचा. बाटलीत पावडर होऊन महिनोन्महिने राहतो. मिथेनॉलमध्ये विरघळवला की गडद जांभळा रंग येतो. त्यात एखाद्या पदार्थाने हायड्रोजनचा अणू दिला की रंग उतरून पिवळा होतो. अर्धा तास अंधारात ठेवायचे, ५१७ नॅनोमीटरवर शोषण मोजायचे, किती टक्के रंग गेला ते लिहायचे. चाचणी स्वस्त, उपकरण प्रत्येक कॉलेजात, त्यामुळे अशा निबंधांचा पूर आहे.

आमच्याकडे नवीन मुलगी कामाला लागली की मी तिला तीन परीक्षानळ्या भरायला सांगते. तिन्हींत तेच जांभळे द्रावण. एकीत लवंगेचे तेल, दुसरीत ओव्याचे, तिसरीत लॅव्हेंडरचे, सगळ्यांत मोजून सारखेच. लवंगेची नळी डोळ्यांदेखत पिवळी पडते. ओव्याची जरा सावकाश, पण उतरते. लॅव्हेंडरची अर्ध्या तासानंतरही जांभळीच असते, फार तर किंचित फिकी. पिवळी करायचीच असेल तर तेल भरमसाट वाढवावे लागते. कागदावर ते असे दिसते: व्हिटॅमिन सी किंवा बीएचटी या कृत्रिम अँटिऑक्सिडंटला निम्मा रंग घालवायला मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅम पुरतात, लॅव्हेंडर तेलाला सहसा मिलिग्रॅम लागतात, म्हणजे शेकडो ते हजार पट. निबंधाच्या सारांशात मात्र वाक्य येते, 'तेलाने मात्रेनुसार अँटिऑक्सिडंट क्रिया दाखवली.' वाक्य खोटे नाही. मात्रा वाढवली की क्रिया वाढली, एवढेच ते सांगते. पत्रक छापणारा 'मात्रेनुसार' खोडतो आणि 'समृद्ध' जोडतो. निबंधांतले आकडे आपसांतही जुळत नाहीत, कारण कुणी अर्धा तास थांबतो, कुणी दोन तास; शिवाय कुणाचे तेल ताजे असते, कुणाचे कपाटात पडून राहिलेले.

हा फरक का पडतो हे रेणूकडे पाहिले की कळते. लवंगेतले युजेनॉल आणि ओव्यातले थायमॉल हे फिनॉल आहेत. त्यांचा ओएच गट बेंझिनच्या कड्याला जोडलेला असतो. तिथला हायड्रोजन काढायला मोलमागे साधारण ८५ किलोकॅलरी लागतात, आणि तो गेल्यावर मागे उरलेला एकटा इलेक्ट्रॉन कड्यावर पसरून शांत बसतो. व्हिटॅमिन ईमध्ये हा आकडा ७८ च्या आसपास, म्हणून ते अधिकच तत्पर. लिनालूलमध्येही ओएच आहे, पण साध्या अल्कोहोलचा. तो बंध तोडायला साधारण १०५ किलोकॅलरी हव्यात. डीपीपीएचसारखा मवाळ मूलक तिथे हात लावूच शकत नाही. लिनालिल ॲसिटेटमध्ये तर तो हायड्रोजनही गेलेला, त्याजागी ॲसिटेट. कापूर आणि सिनिओलमध्ये दुहेरी कार्बन बंध नाही, फिनॉल नाही. या खेळात ते प्रेक्षक.

म्हणून 'टोटल फिनॉलिक्स'चा, म्हणजे एकूण फिनॉलचा, आकडा लॅव्हेंडर तेलाच्या पत्रकात दिसला की मी तो बाजूला ठेवते. त्या चाचणीत वापरतात तो फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मक फिनॉलखेरीज इतरही कित्येक गोष्टींशी निळा रंग देतो. वाफेवर काढलेल्या तेलात मोजण्याजोगे फिनॉल नसताना मिलिग्रॅम गॅलिक ॲसिडमध्ये उत्तर छापणे म्हणजे नुसती आकड्यांची भरती.

मग लॅव्हेंडरच्या झाडात अँटिऑक्सिडंट नाहीतच का? आहेत की! रोझमेरिनिक ॲसिड आहे, कॅफेइक ॲसिडची इतर रूपे आहेत, फ्लॅव्होनॉइड आहेत. तुळशीच्या कुळात रोझमेरिनिक ॲसिड घरोघरी सापडते. पण हे रेणू जड आणि ध्रुवीय, वाफेबरोबर उडत नाहीत. तेल काढून झाल्यावर जो ओला चोथा बाहेर फेकतात त्यातच ते राहतात, आणि त्या चोथ्याचा अल्कोहोल-पाण्यातला अर्क डीपीपीएचची नळी तेलापेक्षा कितीतरी कमी मात्रेत पिवळी करतो. गोंधळाचे मोठे मूळ इथेच आहे. 'लॅव्हेंडर अँटिऑक्सिडंट' असे शोधल्यावर येणाऱ्या निबंधांतले बरेचसे अर्काबद्दल असतात, तेलाबद्दल नाही. दोन्हींच्या शीर्षकात झाडाचे लॅटिन नाव तेच. विकणारा अर्काचा निकाल तेलाच्या बाटलीवर चिकटवतो. रोझमेरीत हा फरक कायद्यानेच मान्य केला आहे: युरोपात रोझमेरीचा अर्क ई-३९२ या क्रमांकाने खाद्यपदार्थांत अँटिऑक्सिडंट म्हणून चालतो. त्याची ताकद कार्नोसिक ॲसिड आणि कार्नोसॉलची. रोझमेरीच्या सुगंधी तेलात ही दोन्ही नसतात आणि त्याला तो क्रमांकही नाही. तुम्हाला क्रीममध्ये खरोखरच लॅव्हेंडरचे अँटिऑक्सिडंट हवे असतील तर फुलांचा ग्लिसरीन-पाण्यातला अर्क हा तेलापेक्षा कितीतरी सरळ मार्ग.

एक बाजू तेलाच्या पारड्यातही टाकायला हवी. बीटा-कॅरोटीन आणि लिनोलेइक ॲसिडच्या मिश्रणाचा रंग किती हळू जातो, अशी आणखी एक चाचणी असते. तिथे लॅव्हेंडर तेल डीपीपीएचपेक्षा बरे दिसू शकते. कारण तिथले मूलक आक्रमक असतात. ते ओएचची वाट पाहत नाहीत, दुहेरी बंधाशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढतात. लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट दोघांकडे सहाव्या-सातव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध आहे. त्याच्या शेजारचा हायड्रोजन सैल बसलेला, साधारण ८५ किलोकॅलरींतच निघणारा. मूलक तो ओढतो, बाजूचे लिनोलेइक ॲसिड तेवढा वेळ वाचते, आणि निबंधात 'संरक्षण' म्हणून नोंद होते.

पण त्या लिनालूलचे पुढे काय होते? कार्बनवर उरलेला एकटा इलेक्ट्रॉन फिनॉलसारखा शांत बसत नाही. हवेतला ऑक्सिजन त्याला लगेच चिकटतो, नवा पेरॉक्सिल मूलक तयार होतो, तो पुढच्या लिनालूलवर जाऊन हायड्रोजन ओढतो. एक रेणू बिघडला की तो दुसऱ्याला बिघडवतो. अँटिऑक्सिडंटचे काम ही साखळी तोडण्याचे असते. लिनालूल साखळीची कडी बनते. म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत हे तेल जास्त करून ऑक्सिडीकरणाचे खाद्य आहे.

या साखळीतून जे साठत जाते ते लिनालूलचे हायड्रोपेरॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजन चिकटलेली लिनालूलची रूपे. आणि इथे प्रकरण त्वचेपर्यंत येते. स्वच्छ लिनालूल त्वचेला सहसा त्रास देत नाही. त्याचे हायड्रोपेरॉक्साइड मात्र जोरदार ॲलर्जीकारक आहेत. एकदा त्वचेने त्यांची 'ओळख' करून घेतली की पुढे थोड्याशा संपर्कानेही खाज, लाल चट्टे, इसब. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या गटाने हे काम बारकाईने केले. २००८ मध्ये त्यांनी नेमका तुमचाच प्रश्न तपासला: शुद्ध लिनालूल हवेत बिघडते हे ठीक, पण अख्ख्या लॅव्हेंडर तेलातले इतर नैसर्गिक घटक त्याला वाचवतात का? तेल हवेशी उघडे ठेवून त्यांनी पाहिले. वाचवत नाहीत. शुद्ध रेणूंमध्ये जे हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात तेच तेलातही तयार झाले, आणि तेलाची ॲलर्जी निर्माण करण्याची ताकद वाढली. 'नैसर्गिक तेल स्वतःला जपते' हा समज लॅव्हेंडरपुरता तरी तिथे संपला. लवंगेच्या तेलात युजेनॉल पहारा देते, लॅव्हेंडरमध्ये पहारेकरीच नाही.

सुगंध उद्योगाने हे मानले आहे. इफ्रा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकात लिनालूल आणि लिनालूल भरपूर असलेल्या नैसर्गिक तेलांसाठी पेरॉक्साइडची मर्यादा लिटरमागे २० मिलिमोल आहे. ती पाळण्यासाठी तयार होतानाच ०.१ टक्का बीएचटी किंवा अल्फा-टोकोफेरॉल, म्हणजे व्हिटॅमिन ई, घालण्याची शिफारसही त्यातच आहे. म्हणजे ज्या तेलाला पत्रकवाला अँटिऑक्सिडंट म्हणतो, त्यालाच बाहेरून अँटिऑक्सिडंट घालायला सांगितले आहे. युरोपात न धुतल्या जाणाऱ्या उत्पादनात लिनालूल ०.००१ टक्क्याच्या वर असेल तर लेबलवर वेगळे नाव लिहावे लागते, धुतल्या जाणाऱ्यात ०.०१ टक्क्याच्या वर. २०२३ च्या दुरुस्तीने त्या यादीत लिनालिल ॲसिटेट आणि खुद्द लॅव्हेंडर तेलही आले. माल परदेशातल्या नातेवाइकांमार्फत विकायचा विचार असेल तर हे आधी वाचा.

पेशींवरचे आणि उंदरांवरचे प्रयोगही तुमच्या वाचनात आले असतील. लॅव्हेंडर तेल दिल्यावर शरीराचे स्वतःचे रक्षक (एसओडी, कॅटॅलेज, ग्लुटाथायोन) वाढले, ऑक्सिडीकरणाच्या नुकसानीची खूण असलेले एमडीए कमी झाले वगैरे. ते निकाल मी खोटे म्हणत नाही. पण तिथे तेल स्वतः मूलक टिपत असते असे नाही; मज्जासंस्था शांत झाल्याने किंवा पेशीने आपली संरक्षक एन्झाइम्स वाढवल्यानेही हे आकडे बदलतात. लॅव्हेंडर तेलाचा माणसांतला सगळ्यांत भक्कम पुरावा चिंतेसाठी तोंडाने घ्यायच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलचा आहे, जर्मनीत सिलेक्सान या प्रमाणित तेलाचा. त्याची क्रिया चेतापेशींतल्या कॅल्शियमच्या मार्गांवर होते असे मानतात. अँटिऑक्सिडंटपणाचा त्यात संबंध नाही, आणि क्रीममधल्या अर्ध्या टक्क्याला तर तो निकाल लागूच होत नाही. बाजारातले सुटे तेल मात्र कुणी पिऊ नये.

आता प्रत्यक्ष काय करायचे.

तेल मागवताना जीसी रिपोर्टबरोबर पेरॉक्साइडचा आकडा आणि काढणीचे वर्ष मागा. आकडा आला तर एकक पाहा. कुणी मिलिमोल देतो, कुणी मिलिइक्विव्हॅलंट, आणि एक मिलिमोल पेरॉक्साइड म्हणजे दोन मिलिइक्विव्हॅलंट. शिवाय कुणी लिटरमागे देतो, कुणी किलोमागे. लॅव्हेंडर तेल पाण्याहून हलके, घनता साधारण ०.८८, म्हणून तोही थोडा फरक धरा. पुरवठादार आकडा देत नसेल तर जवळच्या खाद्यतेलाच्या लॅबकडून करून घ्या. चाचणी जुनी आणि साधी आहे: तेलात ॲसिटिक ॲसिड आणि पोटॅशियम आयोडाइड, पेरॉक्साइडमुळे आयोडीन सुटते, स्टार्च घातला की निळे-काळे होते, मग थेंबाथेंबाने थायोसल्फेट सोडत रंग जाईपर्यंत मोजायचे. ताज्या तेलात रंग येतो न येतो तोच जातो. उघड्या राहिलेल्या जुन्या तेलात ब्युरेट बरीच खाली उतरते.

रिपोर्टमध्येही वयाच्या खुणा असतात. लिनालूल ऑक्साइडचे दोन्ही प्रकार आणि कॅरिओफायलीन ऑक्साइड चढलेले दिसले, ओसिमीन उतरलेले दिसले, तर तेलाने हवा खाल्ली आहे. हायड्रोपेरॉक्साइड स्वतः जीसीवर धड दिसत नाहीत. इंजेक्टरच्या उष्णतेत ते फुटतात. त्यामुळे 'जीसी स्वच्छ आहे' यावरून पेरॉक्साइड नाहीत असे ठरवता येत नाही. लिनालूल वाढलेले, लिनालिल ॲसिटेट घटलेले आणि जोडीला अल्फा-टर्पिनिऑल, जेरॅनिऑल वर गेलेले असेल तर ती बहुधा वेगळी गोष्ट: भट्टीत तेल पाण्यात फार वेळ उकळले आणि एस्टर फुटला. कॉलेजच्या लॅबमध्ये फुले थेट पाण्यात टाकून क्लेव्हेंजर उपकरणावर काढलेल्या तेलात हे हमखास दिसते. त्या तेलाची शेतातल्या वाफेच्या भट्टीच्या तेलाशी तुलना करणारे निबंध वाचताना हे ध्यानात ठेवा.

तेल आले की त्याच दिवशी ०.१ टक्का अल्फा-टोकोफेरॉल मिसळा. बाटलीवर 'टोकोफेरिल ॲसिटेट' असेल तर ते या कामाचे नाही. त्याचा ओएच झाकलेला असतो, त्वचेत एन्झाइमने उघडल्याशिवाय तो हायड्रोजन देत नाही. ही गफलत फार होते, कारण दोन्हींवर ठळक अक्षरांत 'व्हिटॅमिन ई' एवढेच असते. टोकोफेरॉल बिघाड लांबवते, झालेला बिघाड उलटवत नाही, म्हणून जुन्या बाटलीत टाकून उपयोग नाही. मोठी बाटली वारंवार उघडण्याऐवजी लहान तपकिरी बाटल्यांत काठोकाठ भरा, म्हणजे वर हवा राहणार नाही. फ्रिजमध्ये ठेवा. नाशिक-पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये माळ्यावर ठेवलेले तेल आणि फ्रिजमधले तेल यांत दिवाळीपर्यंत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नाकावर विसंबू नका. पेरॉक्साइड मर्यादा ओलांडली तरी वास बऱ्यापैकी गोडच राहतो. खवटपणा जाणवेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

क्रीममध्ये प्रमाण अर्धा टक्का ठेवा, चेहऱ्याच्या क्रीममध्ये त्याहून कमी. लेबलवर 'लॅव्हेंडर तेलाचा सुगंध' लिहा, लिनालूलचे नाव घटकांत द्या. भारतातल्या कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० मध्ये खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या दाव्यांना मनाई आहे. लायसन्सचा विषय त्याच नियमांत येतो, तोही एकदा पाहून घ्या. टोकोफेरॉल घातलेच आहे, तर 'व्हिटॅमिन ई असलेले' हे तुम्ही खरेपणाने लिहू शकता.

साबणाचे गणित निराळे. कोल्ड प्रोसेस साबणात कॉस्टिक असते, आणि लिनालिल ॲसिटेट हा एस्टर असल्याने अल्कलीत त्याचे काही प्रमाणात लिनालूल होते. नाजूक गोड वरची छटा आधी जाते. भद्रवाहचे महागडे तेल त्यात ओतण्यात अर्थ नाही. साबणाला ग्रोसो लॅव्हँडिन वापरा, त्यातला कापूर आणि सिनिओल कॉस्टिकला दाद देत नाहीत, वडी सुकल्यावरही वास टिकतो. अस्सल तेल क्रीमसाठी राखून ठेवा, आणि दर बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा.